पेशीमृत्यू, पटलातील स्निग्ध द्रव्ये आणि आपली घाई

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायातील चर्चासत्रे, औषधनिर्मात्यांची माहितीपत्रके आणि पदव्युत्तर प्रबंध यांतून एक विधान वारंवार वाचावयास मिळते. अमुक वनस्पतीचा अर्क कर्कपेशींमध्ये अपॉप्टोसिस, म्हणजे नियोजित पेशीमृत्यू, घडवून आणतो, असे ते विधान होय. ते वाचून आपणास समाधान वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या द्रव्यांना प्रयोगशाळेची मान्यता मिळाली, असा त्याचा अर्थ आपण घेतो. परंतु हेच विधान रुग्णाच्या हाती पडते, तेव्हा त्याचा अर्थ ‘हे औषध कर्करोग बरा करते’ असा होतो आणि काही वेळा चालू असलेले उपचार त्याच भरवशावर अर्धवट सोडले जातात. विधान लहान असले तरी त्याचे परिणाम लहान नाहीत.

या विधानामागील विज्ञान आपण मुळातून समजून घेतले, तर ते कोठवर ग्राह्य आहे आणि कोठे थांबते हे आपले आपणासच कळेल, असे माझे मत आहे. त्यासाठी पेशीमृत्यू घडविणारी प्रथिने आणि तंतुकणिकांच्या, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियांच्या, पटलातील स्निग्ध द्रव्ये यांचा परस्परसंबंध पाहणे उपयुक्त ठरेल. विषय क्लिष्ट वाटला तरी तो आपल्या परिचयाच्या संकल्पनांच्या आधारे समजण्याजोगा आहे.

पेशीमृत्यूची यंत्रणा

केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी १९७२ साली ‘अपॉप्टोसिस’ ही संज्ञा रूढ केली. झाडाची पाने गळणे असा मूळ ग्रीक शब्दाचा आशय आहे. या प्रकारात पेशी फुटून भोवताली दाह निर्माण होत नाही. ती आकसते, तिचे लहान लहान भाग होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. आपल्या शरीरात प्रतिदिनी अब्जावधी पेशी अशा रीतीने नाहीशा होतात. गर्भावस्थेत हाताची बोटे एकमेकांपासून विलग होतात, तीही मधल्या पेशी याच मार्गाने गेल्यामुळे.

या प्रक्रियेचे नियमन करणाऱ्या प्रथिनांचे एक मोठे कुल आहे. त्यातील ‘बीसीएल-२’ हे पहिले प्रथिन एका प्रकारच्या लसिकार्बुदाच्या अभ्यासातून ज्ञात झाले. ते पेशींची संख्या वाढवीत नाही, तर त्यांना मरू देत नाही, हे १९८८ साली स्पष्ट झाले. कर्करोग म्हणजे केवळ अतिवृद्धी नसून न होणारा क्षयही त्यास कारण असू शकतो, हा विचार त्यातून पुढे आला. याच कुलातील ‘बॅक्स’ आणि ‘बॅक’ ही प्रथिने याच्या उलट कार्य करतात. निरोगी पेशीत बॅक्स बहुतांशी पेशीद्रवात स्वस्थ असते, तर बॅक तंतुकणिकेच्या बाह्य पटलावर असते. बीसीएल-२ आणि त्याचे सहकारी या दोघांना आवरून धरतात. मृत्यूचा संकेत आला की ‘बिड’ नावाच्या प्रथिनाचा छेद होऊन त्याचा एक खंड तंतुकणिकेकडे जातो. त्यामुळे बॅक्स आणि बॅक यांचे स्वरूप पालटते, ती पटलात रुततात, समूह करतात आणि पटलास छिद्र पडते. त्या छिद्रातून ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन बाहेर येते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सायटोक्रोम सी हे ऊर्जानिर्मितीच्या शृंखलेतील एक नित्य कार्य करणारे प्रथिन आहे. आपल्या जागी असताना ते प्राणवायूच्या वापरास साहाय्य करते. मात्र जागा सोडून पेशीद्रवात आले की तेच कॅस्पेज या विकरांना जागृत करून पेशीच्या विघटनास आरंभ करते. शियाओडोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने हे १९९६ साली दाखवून दिले. स्वस्थानी असता उपकारक आणि स्थानभ्रष्ट होता घातक, ही कल्पना आपणास नवीन नाही.

कार्डिओलिपिनचे स्थान

पटल म्हणजे केवळ एक निर्जीव भिंत आणि सर्व कार्य प्रथिनांचे, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती आता मागे पडली आहे. तंतुकणिकेच्या अंतःपटलात ‘कार्डिओलिपिन’ नावाचे एक विशेष स्निग्ध द्रव्य असते. मेरी पँगबॉर्न यांनी ते १९४२ साली गाईच्या हृदयापासून वेगळे केले. नावातील ‘कार्डिओ’ त्यामुळेच आले. फिरंग रोगाच्या निदानासाठी आपण जी व्हीडीआरएल चाचणी करवून घेतो, तिच्यातील प्रतिजन हेच द्रव्य आहे. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाचा या द्रव्याशी अप्रत्यक्ष परिचय आहेच.

सामान्य फॉस्फोलिपिडास मेदाम्लांच्या दोन साखळ्या असतात. कार्डिओलिपिनला चार असतात. त्याचा शीर्षभाग लहान आणि ऋणभारित असतो. या शंकुसदृश घडणीमुळे पटलास वक्रता प्राप्त होते. धनभारित सायटोक्रोम सी याच द्रव्याच्या आधाराने अंतःपटलास धरून राहते. मृत्यूचा संकेत मिळाल्यावर काही कार्डिओलिपिन बाह्य पटलाकडे येते आणि बिडच्या खंडास तेथे थारा मिळतो, असे २००० साली दिसून आले. पुढे २००५ साली कॅगन आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, कार्डिओलिपिनशी जखडलेले सायटोक्रोम सी स्वतःच त्या स्निग्ध द्रव्याचे ऑक्सिडीकरण करते. ऑक्सिडीकरण झाले की बंधन सैल होते आणि सायटोक्रोम सी मोकळे होते. ज्या खुंटीस दोर बांधला, ती खुंटी त्या दोरानेच उपटावी, तसा हा प्रकार आहे.

याच द्रव्याचे दुसरेही कार्य आहे. एखादी तंतुकणिका बिघडली की तिच्या पृष्ठभागावर प्रकटलेले कार्डिओलिपिन ‘ही तंतुकणिका नष्ट करावी’ असा संकेत देते, असे २०१३ साली चेतापेशींत आढळले. त्या वेळी केवळ बिघडलेला भाग जातो आणि पेशी वाचते. म्हणजे एकाच द्रव्याचे पृष्ठभागावर येणे एका परिस्थितीत पेशीचे रक्षण करते, तर दुसऱ्या परिस्थितीत तिच्या नाशास साहाय्य करते.

संयोग आणि राशी

आहारविधिविशेषायतनांत चरकाचार्यांनी संयोगास स्वतंत्र स्थान दिले आहे. पृथक् असताना जे कर्म द्रव्यांकडून होत नाही, ते संयोगाने होते. मध आणि घृत यांचे उदाहरण आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. २००२ साली न्यूमायर यांच्या प्रयोगशाळेने केलेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांनी कृत्रिम स्निग्ध पुटिका घेतल्या. केवळ बॅक्स घातले असता त्यांना छिद्र पडले नाही. बॅक्स, बिडचा खंड आणि कार्डिओलिपिनयुक्त पटल हे तिन्ही एकत्र आले, तेव्हा मात्र वीस लाख डाल्टन भाराचे रेणूही बाहेर पडू शकतील एवढी मोठी द्वारे निर्माण झाली. पुढे २०१६ साली अतिसूक्ष्म प्रतिमातंत्राने बॅक्सची वलये आणि अर्धवर्तुळे प्रत्यक्ष पाहण्यात आली. या छिद्रांचा काठ काही अंशी प्रथिनांचा आणि काही अंशी स्निग्ध द्रव्यांचा असतो, असे चित्र त्यातून उभे राहते.

मात्र येथेही मतैक्य नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कार्डिओलिपिन नसलेल्या यीस्टच्या तंतुकणिकांतूनही बॅक्स सायटोक्रोम सी बाहेर काढू शकते, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. बिडला थारा देणारे एक स्वतंत्र प्रथिनही २०१० साली पुढे आले. २०१२ साली स्फिंगोलिपिड या निराळ्या वर्गातील द्रव्ये बॅक्स-बॅकच्या कार्यास साहाय्यक असल्याचे दिसले. म्हणजे स्निग्ध द्रव्यांचा सहभाग निश्चित. पण कोणाचा किती, हा वाद चालू आहे. ज्या विषयात तज्ज्ञच अद्याप चर्चा करीत आहेत, त्यात ‘कार्डिओलिपिन म्हणजेच ओज’ किंवा ‘तंतुकणिका म्हणजेच धात्वग्नी’ अशी समीकरणे मांडण्याची आपण घाई करावी काय, याचा विचार व्हावा.

स्वभावोपरमवाद आणि पेशीमृत्यू

या समीकरणांपैकी सर्वांत आकर्षक समीकरण स्वभावोपरमवादाचे आहे. चरक सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात भावांच्या उत्पत्तीस कारण असते, परंतु त्यांचा उपरम स्वभावतःच होतो, असा सिद्धांत मांडला आहे. त्यावर, असे असेल तर वैद्याने करावयाचे काय, हा अग्निवेशाचा प्रश्नही तेथेच आहे. अपॉप्टोसिस म्हणजे हाच स्वभावोपरम, असे प्रतिपादन आपल्याकडील व्याख्यानांतून होत असते.

हे साम्य एका मर्यादेपर्यंत खरे आहे. कारणाचे न वर्तणे हेच उपरमाचे कारण, असे मानणाऱ्या एका पक्षाचा उल्लेख त्याच अध्यायात येतो. मार्टिन राफ यांनी १९९२ साली मांडलेला विचार याच्या बराच जवळ जातो. शरीरातील बहुतेक पेशी शेजारच्या पेशींकडून जगण्याचे संकेत मिळत राहतात म्हणून जगतात. ते संकेत थांबले की त्या मृत्यूच्या मार्गाला लागतात.

परंतु यापुढे साम्य टिकत नाही. एका सूक्ष्म कृमीच्या वाढीत १०९० कायिक पेशी निर्माण होतात आणि त्यांतील १३१ ठरावीक वेळी मरतात. एलिस आणि हॉर्विट्झ यांनी १९८६ साली दाखविले की, विशिष्ट जनुके निकामी केली असता मरावयाच्या त्या पेशी जिवंत राहतात. या संशोधनाच्या परंपरेसच २००२ सालचे नोबेल पारितोषिक लाभले. बॅक्स आणि बॅक दोन्ही नसलेल्या उंदरांपैकी जे थोडे वाचतात, त्यांच्या बोटांमधील पडदे जात नाहीत, असेही २००० साली आढळले. म्हणजे अपॉप्टोसिसला कारण लागते, साधने लागतात, ऊर्जा लागते. कारणावाचून होणारा उपरम आणि अनेक कारणांच्या संयोगाने घडविला जाणारा मृत्यू या दोन गोष्टींना एकच नाव देणे हा दोन्ही शास्त्रांवर अन्याय आहे. चरकाचार्यांचा प्रश्न क्षणोक्षणी वाहणाऱ्या धातूंच्या परंपरेविषयी आणि तीत चिकित्सेचे प्रयोजन काय याविषयी आहे. तो प्रश्न पेशीविज्ञानाच्या आधारावाचूनही गंभीर आहे, आणि त्यास हा आधार देण्याच्या प्रयत्नात आपण त्याचा मूळ आशयच गमावून बसतो.

तबकडीतील मृत्यू आणि रुग्णाचे शरीर

आता मूळ विधानाकडे वळू. अमुक द्रव्य कर्कपेशींत अपॉप्टोसिस घडविते, या विधानाने सिद्ध काय होते? वर वर्णिलेली यंत्रणा यकृताच्या पेशीत आहे, आतड्याच्या अंतस्त्वचेत आहे, रक्तातील श्वेतपेशींतही आहे. प्रयोगशाळेच्या तबकडीत पेशीला पुरेसा आघात पोहोचविला की ती याच मार्गाने जाते. त्यामुळे अपॉप्टोसिस झाला एवढ्याने द्रव्याचा विशेष गुण सिद्ध होत नाही. कोणत्या पेशीत, किती मात्रेत आणि शेजारच्या निरोगी पेशींना राखून झाला काय, हे पाहावे लागते.

हरिद्रेतील कर्क्युमिनचे उदाहरण घेऊ. तबकडीतील पुष्कळ प्रयोगांत त्याची संहतता दहा ते पन्नास मायक्रोमोलर असते. तैवानमधील २००१ सालच्या एका अभ्यासात रुग्णांना प्रतिदिनी ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडाने दिल्यावर रक्तरसात आढळलेली सरासरी उच्चतम पातळी सुमारे १.८ मायक्रोमोलर होती. हळदीत कर्क्युमिन शेकडा दोन ते पाच भाग धरले, तर ८ ग्रॅमसाठी दीडशे ग्रॅमहून अधिक हळद रोज घ्यावी लागेल. आपण देतो त्या मात्रेशी याचा मेळ बसत नाही.

दुसरा मुद्दा पटलाचा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्क्युमिन, मिरचीतील कॅप्सेसिन, द्राक्षातील रेस्व्हेराट्रॉल, सोयाबीनमधील जेनिस्टीन आणि हिरव्या चहातील एक कॅटेचिन ही पाच वनस्पतिज द्रव्ये तपासली गेली. ती पटलातील स्निग्ध स्तराचेच भौतिक गुण बदलतात आणि त्यामुळे एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक प्रथिनांचे कार्य एकाच वेळी पालटते, असे दिसले. पटल ढळले की त्यात वसलेली प्रथिने ढळणारच. मग कर्क्युमिन शेकडो निरनिराळ्या लक्ष्यांवर कार्य करते असे जे अभिमानाने सांगितले जाते, त्याच्या मुळाशी काही अंशी पटलावरील हा सरसकट परिणाम असू शकेल. अशा द्रव्याची तबकडीतील कीर्ती जपून स्वीकारली पाहिजे.

यावर काही वैद्यबंधू म्हणतील की, आयुर्वेद रक्तातील पातळीवर चालत नाही. द्रव्य समग्र असते, अनुपान असते, अग्नी आणि कोष्ठ यांचा विचार असतो. हा आक्षेप योग्य आहे, आणि मीही तोच मानतो. परंतु तो मान्य केल्यावर, एकाकी अर्क तबकडीतील पेशींवर ओतून मिळालेला पुरावाही आपणास वापरता येणार नाही. सोयीचा असेल तेव्हा तबकडीचा पुरावा पुढे करावयाचा आणि गैरसोयीचा होताच समग्रतेचा आश्रय घ्यावयाचा, हे शास्त्रास शोभणारे नाही.

चरकाचार्यांनी शुद्ध प्रयोगाचा निकष निदानस्थानात दिलेला आहे. जो प्रयोग एका व्याधीचे शमन करतो, पण दुसरा व्याधी उत्पन्न करतो, त्यास शुद्ध म्हणता येत नाही. पेशी मारणाऱ्या कोणत्याही द्रव्यास, ते पाश्चात्त्य असो वा आपले, हाच निकष लावला पाहिजे.

दोन औषधांचा धडा

पेशीमृत्यूच्या यंत्रणेवर आधारलेले एक औषध खरोखरीच रुग्णांपर्यंत पोहोचले आहे. ‘व्हेनेटोक्लॅक्स’ हे बीसीएल-२ चा अवरोध करणारे औषध २०१६ साली अमेरिकेत एका प्रकारच्या रक्तकर्करोगासाठी संमत झाले. १९८८ च्या निष्कर्षापासून तेथवर पोहोचण्यास अठ्ठावीस वर्षे लागली. त्याच्या आधीचे औषध बीसीएल-२ बरोबर त्याच कुलातील दुसऱ्या एका प्रथिनासही अडवीत होते. रक्तबिंबिकांचे आयुष्य त्या दुसऱ्या प्रथिनावर अवलंबून असल्यामुळे रुग्णांच्या रक्तबिंबिका घटत. यंत्रणा सर्वत्र समान असण्याचा अर्थ काय, हे त्यातून दिसले. व्हेनेटोक्लॅक्सही या रक्तकर्करोगात पाच आठवड्यांत २० मिलिग्रॅमपासून ४०० मिलिग्रॅमपर्यंत पायरीपायरीने वाढवावे लागते. कारण कर्कपेशी एकदम मोठ्या संख्येने मेल्या तर त्यांतून बाहेर पडणारी द्रव्ये मूत्रपिंडास आणि हृदयास धोका निर्माण करतात. पेशी मारता येणे पुरेसे नसते. किती वेगाने माराव्यात, हाही चिकित्सेचाच भाग असतो.

दुसरे उदाहरण कार्डिओलिपिनचे. ‘बार्थ’ या दुर्मीळ अनुवंशिक विकारात, प्रामुख्याने मुलग्यांमध्ये, हृदय व स्नायू दुर्बल होतात आणि श्वेतपेशी घटतात. कार्डिओलिपिनला योग्य रूप देणाऱ्या विकराचे जनुक त्यात सदोष असते. हृदयातील कार्डिओलिपिनमध्ये प्रामुख्याने लिनोलेइक आम्ल असते आणि ते करडईच्या तेलात विपुल असते. म्हणून करडईचे तेल पाजावे, असे कोणी सुचविल्यास ते ऐकावयास बरे वाटेल. पण येथे न्यूनता आहारात नसून रूपांतर घडविणाऱ्या विकरात आहे. कार्डिओलिपिनला चिकटणारे ‘एलामिप्रेटाइड’ हे औषध अन्य तंतुकणिका-विकारांवरील मोठ्या चाचणीत अपेक्षित लाभ दाखवू शकले नाही. बार्थ विकारासाठी मात्र त्यास २०२५ साली अमेरिकेत त्वरित प्रकारातील मान्यता मिळाली. तर्क सुंदर असूनही एका ठिकाणी ते अयशस्वी ठरले आणि दुसरीकडे दीर्घ प्रतीक्षेनंतर मर्यादित यश मिळाले. हाच मार्ग आपल्या द्रव्यांनाही चुकणार नाही.

आपण काय करावे?

याविषयी काही सूचना नम्रपणे कराव्याशा वाटतात. प्रथम, ज्या प्रबंधात किंवा पत्रकात अपॉप्टोसिसचा उल्लेख असेल, तेथे मात्रा काय होती, निरोगी पेशींवर काय परिणाम झाला आणि प्रयोग तबकडीत, प्राण्यात की मनुष्यात झाला, हे तीन प्रश्न आपण विचारावेत. उत्तर मिळत नसेल तर ते पत्रक प्रतीक्षाकक्षात ठेवू नये.

दुसरे असे की, कर्करोगावर इलाज केल्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यान्वये निषिद्ध आहे. त्या कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचा स्पष्ट समावेश आहे. कायद्याचे भय बाजूस ठेवले, तरी आपल्या शब्दावर विसंबून रुग्ण काय सोडून देतो, याचे उत्तरदायित्व आपल्याकडेच येते.

तिसरी सूचना व्यवहाराची आहे. केमोथेरपी किंवा तत्सम औषधे चालू असलेला रुग्ण आपल्याकडे अग्निमांद्य, दौर्बल्य, मुखपाक अशा तक्रारी घेऊन येतो, आणि तेथे आपण खरोखरीच उपयोगी पडू शकतो. अशा वेळी त्याच्या सर्व औषधांची यादी प्रथम पाहावी. व्हेनेटोक्लॅक्स घेणाऱ्यास चकोतऱ्याच्या जातीचे ग्रेपफ्रूट हे फळही वर्ज्य सांगितलेले असते, कारण ते औषधाचे रक्तातील प्रमाण वाढविते. पिंपळी आणि मिरी यांतील पाइपरिनमुळे फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल अशा औषधांची पातळी मनुष्यात वाढल्याचे दिसून आले आहे. म्हणून अशा रुग्णास त्रिकटुयुक्त कल्प देण्यापूर्वी त्याच्या कर्करोगतज्ज्ञाशी बोलण्यात आपला कमीपणा मानू नये.

शेवटी, आपल्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तबकडीतील पेशी मारण्याच्या प्रयोगांची संख्या वाढविण्यापेक्षा, उपचार घेणाऱ्या रुग्णाचे बल, अग्नी, निद्रा आणि उपचार पूर्ण होण्याचे प्रमाण यांच्या काटेकोर नोंदी ठेवाव्यात. या गोष्टी आपण जाणतो, त्या मोजता येतात आणि रुग्णास त्या महत्त्वाच्या वाटतात.

तंतुकणिकेचे पटल काही नॅनोमीटर जाडीचे असते. तेवढ्या अंतरात एक प्रथिन आणि एक स्निग्ध द्रव्य यांच्या संयोगावर पेशीचे जगणे-मरणे ठरते, हे समजण्यास अनेक प्रयोगशाळांची कित्येक दशके खर्च झाली, आणि काम अद्याप संपलेले नाही. त्या कामाचा एखादा शब्द उचलून आपल्या पत्रकावर छापणे सोपे आहे. ते काम वाचणे, आपल्या सिद्धांतांशी त्याची तुलना जेथवर टिकते तेथवरच करणे आणि रुग्णास तेवढेच सांगणे कठीण आहे. वैद्य या पदवीचा मान मात्र त्या कठीण मार्गानेच राखला जाईल, असे मला वाटते.